कमरेला दहा बाटल्या

१६ जानेवारी

दोन्ही दारं उघडी ठेवून नदी ओलांडली. फेदोतचा डावा पाय गाडीबाहेर लोंबत होता, उजवा पेडलवर. बर्फ मोडला तर उडी मारायला सोपं जातं. मी दोन्ही हात पोटाशी धरून बसले होते.

— वहिनी, हात मोकळे ठेवा. पोहायला लागतात ते.

या थंडीत पोहणार कोण? नदीत पडलेला माणूस वर आला तरी दहा मिनिटांत लाकूड होतो. फेदोतला हे माझ्याहून चांगलं माहीत. तरी बोलतो. माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ चाळीस वर्षं या रस्त्यावर गाडी चालवतो आहे आणि चाळीस वर्षं बोलतोच आहे.

हात काढले नाहीत. पोटावर फ्लॅनेलची पट्टी शिवून बांधली आहे. तिच्यात दहा कप्पे, दहा बाटल्या. खांदिगाच्या दवाखान्यातल्या नर्सने दोनदा बजावलं — गोठलं की मेलं. नंतर वितळलं तर दिसायला तसंच दिसेल, पण पाणीच समजा.

उस्त-खाराला माझा धाकटा भाऊ सेम्योन आहे, हवामानाच्या ठाण्यावर. सोबतचा माणूस डिसेंबरात रजेवर गेला, बदली आलाच नाही. नऊ तारखेला जनरेटर बंद पडला. सेम्योन सहा तास त्याच्याशी झटत बाहेर होता, तोवर घर गोठलं, घरातलं इन्सुलिनही. खिशातली एक बाटली वाचली, तळाला आलेली. वायरलेसवर त्याने कळवलं, एकवीस तारखेपर्यंत पुरेल. धुक्यामुळे हेलिकॉप्टर दहा दिवस जमिनीवर आहे.

म्हणून मी. एकवीसच्या आत.

पार झाल्यावर फेदोतने दार ओढून घेतलं. — बघा, नदीनेसुद्धा मास्तरीणबाईला घाबरून वाट दिली.

रात्री रस्तादुरुस्तीवाल्यांच्या डब्यात झोपायचं आहे. पेन्सिलने लिहिते. पेनातली शाई गाडीत टिकत नाही.


१७ जानेवारी, सकाळ

उणे एक्कावन्न. इंजिन रात्रभर चालूच होतं. फेदोत त्याच्या गाडीला पाव म्हणतो. सगळेच म्हणतात; पावाच्या लादीसारखी दिसते. आत मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून बाहेर.

— माझा पाव आतून भाजलेला, बाहेरून गोठलेला. असा पाव तुमच्या पुस्तकात आहे का?

खिंडीपाशी थांबून त्याने रस्त्याला घास दिला. दोन ओलाद्या, जाड घावनांसारख्या, वर लोणी. वाऱ्याकडे पाठ करून पुटपुटला. मी गाडीतून उतरले नाही. रागावल्यासारखं बघितलं त्याने. मग तिसरी ओलादी माझ्या नावाने टाकली.

आज संध्याकाळी देलगेई. तिथून सेम्योनकडे जाणारा जुना रस्ता फुटतो. एकशे सत्तर किलोमीटर, पाच गावं, सगळी रिकामी. सेम्योनच्या ठाण्यापर्यंत एकही धुराडं नाही.


१७ जानेवारी, संध्याकाळ. देलगेई.

थोडक्यात लिहिते.

देलगेईच्या अलीकडे बारा किलोमीटरवर पाण्यात अडकलो. बर्फाखालचं पाणी फुटून वर येतं आणि हिमाखाली पसरतं. वरून पांढरं, कोरडं दिसतं. पुढची चाकं आत गेली. चाकांभोवती पाणी डोळ्यांदेखत घट्ट व्हायला लागलं. फेदोत कुऱ्हाडीने फोडत होता, मी फावड्याने उपसत होते. चार तास. पाणी बुटांत गेलं नाही, पण घाम आला. इथे पाण्याने कमी मरतात, घामाने जास्त. मधेमधे हात आत घालून बाटल्या चाचपत होते. दहाच्या दहा कोमट.

— वहिनी, मोजायचं सोडा, फावडं मारा.

निघालो तेव्हा अंधार पडला होता. माझा कोट पाठीवर पत्र्यासारखा झाला होता.

देलगेईत मी बावीस वर्षं शिकवलं. तेव्हा चार हजार माणसं होती. खाण बंद झाली, गाव गेलं. आता एक बराक गरम आहे, ड्रायव्हरांच्या थांब्यासाठी, आणि तिच्यामागचं बॉयलरघर. राहतात दोघं. अर्काडी बॉयलर सांभाळतो. त्याची बायको रिम्मा रांधते. अर्काडी माझा विद्यार्थी. दर दोन तासांनी कोळसा घालतो. अकरा हिवाळे तो बॉयलरपासून लांब गेलेला नाही.

दारातच म्हणाला — बाई, तुम्ही? निबंध अजून पूर्ण नाही झाला.

— किती राहिलाय?

— शेवट सुचत नाही.

रिम्माने मला बघितलं आणि त्याला बाहेर हाकललं. वडिलांच्या नावाने हाक मारते ती मला. — येगोरोव्ना, कपडे काढा. सगळे. लाजायचं नंतर. पाठ चोळून दिली, सूप पाजलं, बॉयलरलगतच्या खोलीत झोपायला गादी घातली. भिंत इतकी गरम की टेकवत नाही. कपडे पाइपांवर वाळत घातले. पट्टी सोडून शालीत गुंडाळून उशाखाली घेतली आहे.

नऊ वाजता बॉयलरघरातल्या वायरलेसवर ठाण्यांच्या नोंदी आल्या. उस्त-खारा: उणे चोपन्न, वारा नाही, दृश्यता दोनशे मीटर. सेम्योनचाच आवाज. जरा सावकाश बोलत होता. फेदोत म्हणाला, ऐकलंत? ठणठणीत आहे. आता झोपा.

अजून चार दिवस आहेत. दोन दिवसांचा रस्ता. झोपायला हरकत नाही.


१८ जानेवारी, सकाळी सव्वासात

उशाखाली पट्टी नाही.


१८ जानेवारी, सकाळी नऊ

काय झालं ते लिहून काढते. नाहीतर ओरडेन.

उठले. हात उशाखाली घातला. नाही. गादी उपसली. स्वयंपाकघरात गेले. रिम्मा पाव कापत होती.

— बाटल्या? फ्रिजमध्ये ठेवल्यात. तुमच्या खोलीत केवढी उष्णता, भाजून निघाल्या असत्या. माझ्या बहिणीला साखर आहे, तिकडे दक्षिणेत, क्रास्नोदारला. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्येच असतं.

तिचा फ्रिज पडवीत आहे. दोन दारांच्या मधल्या जागेत, जिथे सगळ्यांचाच असतो. मासे, घोड्याचं मांस, गोठलेल्या दुधाच्या चकत्या तिथेच खुंटीला किंवा पोत्यात. हिवाळ्यात फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. त्याची वायर ऑक्टोबरात काढून ठेवतात. कपाटात उंदीर शिरत नाहीत एवढाच त्याचा उपयोग. पडवीत आज सकाळी उणे चौतीस.

शाल उलगडली. चार बाटल्या दगड. सहा हलवल्यावर आतून हलत होत्या. शालीच्या मधल्या घडीत होत्या त्या.

हलत होत्या म्हणजे काय? अजून गोठायच्या होत्या की गोठायला लागल्या होत्या? आत पांढरं काही तरंगत होतं की तो माझ्या डोळ्यांतला कण? उजेडाशी धरून बघितल्या. फेदोतने बघितल्या. अर्काडीने कोळशाचे हात पुसून बघितल्या. तिघांनाही काही कळलं नाही.

रिम्मा सुरी धरून उभी होती. मी म्हणाले, बावीस वर्षं या गावात शिकवलं, इतकी मठ्ठ बाई पाहिली नाही. मी म्हणाले, उस्त-खाराला चल आता, माझ्या भावाचं मढं तुझ्याच हाताने धू.

हे शब्द मी बोलले. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी बोललेच नाही असं म्हणता येणार नाही.

तिने पाव कापून संपवला. मग माझे वाळलेले मोजे आणून बाकावर ठेवले.


१८ जानेवारी, साडेदहा

सेम्योनची सकाळी सहाची नोंद आली नव्हती. अर्काडी म्हणाला, कधीकधी वायरलेस दगा देतं. आता नऊचीही आली नाही. बाकी सगळ्या ठाण्यांची आली. वीस वर्षांत सेम्योनने नोंद चुकवलेली मला माहीत नाही. आईच्या मृत्यूच्या दिवशीसुद्धा त्याने आधी पारा वाचला, मग मला कळवलं.

खांदिगाला कळवलं. नर्स नवी पेटी द्यायला तयार आहे. आज दुपारी एक ट्रक निघणार आहे, धुकं बघून. निघाला तर उद्या पहाटे देलगेईला. पण ट्रक मोठ्या रस्त्याने सरळ पुढे जातो. जुन्या रस्त्याला कोणी वळत नाही.

फेदोत म्हणाला, — थांबू. उद्या ताजं औषध घेऊन निघू. शहाणपणाचं तेच.

— आणि त्याला आज लागत असेल तर?

— त्याच्याकडे एकवीसपर्यंत आहे, वहिनी. तो म्हणाला तसं.

— मग नोंद का नाही?

फेदोतने टोपी उचलली.

ठरलं ते असं. आम्ही आत्ता निघायचं, सहा बाटल्या घेऊन. मला तिथे सोडून फेदोत परत येईल आणि नवी पेटी नेईल. म्हणजे पेटी बावीसला पोचेल, सगळं नीट झालं तर. शिवाय परतताना फेदोत एकटा. जुन्या रस्त्यावर पन्नासाच्या खाली एकट्याने जायचं नाही — दोन माणसं किंवा दोन गाड्या, नाहीतर घरी बस. हा इथला कायदा कोणी लिहिलेला नाही. मोडणारे वसंतात सापडतात.

अर्काडी म्हणाला, — माझी गाडी आहे, पेटी घेऊन मी गेलो असतो, बाई. पण हा सोडवत नाही. त्याने बॉयलरच्या दारावर थाप मारली, गाईच्या पाठीवर मारतात तशी. — चार तास विझला की पाइप फुटतात. आणि एकदा विझला की ऑफिसवाले परत पेटवू देणार नाहीत. ते वाटच बघतायत.

मी म्हटलं, तुला कोणी विचारलं नाही.

आजचा दिवस माझ्या तोंडाचा नाही.


१८ जानेवारी, संध्याकाळ. जुना रस्ता.

पहिलं गाव दोन वाजता लागलं. पाच मजली सात इमारती, खिडक्या सगळ्या काळ्या. एका खिडकीत पडदा अजून आहे. दुसऱ्या गावाचा पूल खाली बसला आहे, नदीच्या पात्रातून काढली गाडी. दारं उघडी ठेवून.

बाटल्या पुन्हा पोटाशी. सहाच. हलवून बघायचा मोह होतो. हलवत नाही.

तिसऱ्या गावाच्या चौकात इंजिन मेलं.

आवाज थांबला की कळतं, इतका वेळ आपण त्या आवाजावर जगत होतो. फेदोत म्हणाला, एक तास आहे. तासाभरात सुरू झालं नाही तर मग होत नाही. तेल डांबर होतं.

त्याने शेगडीत लाकडं कोंबली आणि खाली उतरला. ब्लोलँपच्या ज्योतीने एक्सल शेकला, नळ्या शेकल्या. पेट्रोलचा पंप खोलला. आतला रबरी पडदा गोठून बिस्किटासारखा झाला होता. वाकवला तर तुटणार. शेगडीवर धरला तर वितळणार.

— वहिनी, हा घ्या कुशीत.

— माझ्या कुशीत औषध आहे.

— औषध पोटाला आहे. काख रिकामी आहे. माझी काख पेट्रोलने भिजलीय, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.

घेतला. बर्फाचा तुकडा घेतल्यासारखा भाजला. पेट्रोलचा वास नाकात. अंगाची सगळी ऊब तो पडदा ओढून घेतो आहे असं वाटलं, आणि खाली पोटाशी सहा बाटल्या आपला वाटा मागत आहेत. दात आवळून बसले. फेदोत दाराशी उभा राहून हातांवर फुंकर मारत होता.

— माझा भाऊ हे बघत असता तर म्हणाला असता, फेदोत, माझ्या बायकोच्या काखेत काय करतोस?

मी हसले. हसताना आठवलं.

दिवा मंद होता. गरम भिंत. रिम्मा माझ्यावर वाकलेली. तिचा हात उशीवर. ती म्हणत होती, येगोरोव्ना, हे फार तापतंय इथे, फ्रिजमध्ये ठेवू?

मी म्हणाले, ठेव.

स्वप्न नव्हतं. तिच्या बोटांना कांद्याचा वास होता. मी हो म्हणाले. आणि वर 'हं, ठेव' असंही म्हणाले.

पडदा मऊ झाला. सत्तेचाळीस मिनिटं लागली. इंजिन तिसऱ्या खेपेला लागलं. फेदोत स्टिअरिंगवर कपाळ टेकून थोडा वेळ बसला. मी त्याला काहीच सांगितलं नाही.


१९ जानेवारी, पहाट

फेदोत दोन तास झोपला, बसल्या बसल्या. मी इंजिन ऐकत बसले.

त्या गावात टपालाच्या पेट्या दिसल्या दिव्याच्या उजेडात. ओळीने, एका भिंतीवर. प्रत्येकीवर नाव. त्यातली चार मला वाचता आली. त्यांतली दोन माझ्या वर्गात होती.

नव्वद किलोमीटर राहिले.


१९ जानेवारी, दुपारी साडेतीन. उस्त-खारा.

पोचलो. सेम्योन जिवंत आहे. शुद्धीत, पण पूर्ण नाही.

दार आतून लावलेलं नव्हतं. स्टोव्हमध्ये निखारे होते. तो कॉटवर, कोटासकट. खोलीत कुजक्या सफरचंदांचा वास. तो वास मला माहीत आहे, लहानपणी हा पहिल्यांदा पडला तेव्हाचा. श्वास खोल, भराभर, कुत्र्यासारखा. मला बघून म्हणाला, — ताई, लवकर आलीस.

साखर मोजायचं यंत्र त्याच्या उशाशी होतं. आमच्याकडच्या मापाने सहा-सात असायला हवी. यंत्र आकडा दाखवेना. आकड्यांच्या पलीकडे गेली की ते नुसतं 'जास्त' असं दाखवतं. तीनदा मोजली. तीनदा तेच.

— सेम्योन, तुझ्याकडे एकवीसपर्यंत होतं ना?

— पंधरालाच संपलं.

— मग एकवीस का सांगितलंस?

तो बराच वेळ श्वास घेत राहिला. — खरं सांगितलं असतं तर तू न थांबता आली असतीस. रात्रीची. या रस्त्याने. — पुन्हा श्वास. — म्हटलं, ताईला झोपून येऊ दे.

फेदोत बाहेर गेला. लाकडं आणायला, असं म्हणाला. लाकडं आत होती.


१९ जानेवारी, पाच

पहिल्या बाटलीतून दिलं. दीड तास झाला. 'जास्त'.

किती द्यायचं हेच कळत नाही. मेलेलं औषध किती मेलं आहे ते कोणाला ठाऊक? पूर्ण मेलं असेल तर कितीही दिलं तरी पाणी. अर्धं मेलं असेल आणि मी दुप्पट दिलं तर साखर एकदम तळाला जाईल, आणि तेही मरणच. वायरलेसवर खांदिगाची नर्स मिळाली. ती म्हणाली, थोडं थोडं द्या, पाणी पाजा, दर तासाला मोजा. मग म्हणाली, ट्रक काल निघाला.

मग वायरलेस गेलं. बॅटरी.


१९ जानेवारी, सात

दुसरी बाटली. 'जास्त'.

सेम्योन मधूनच हवामानाचं बोलतो. सहाची नोंद घे, म्हणाला. मी दिवा घेऊन बाहेरच्या थर्मामीटरच्या पेटीपर्यंत गेले, तापमान वाचलं, आत येऊन त्याला सांगितलं: उणे त्रेपन्न. तो म्हणाला, दशांश? पुन्हा गेले. तीन दशांश. वहीत लिहायला लावलं. पाठवायची सोय नाही. तरी लिहिलं.

फेदोतने गोठलेल्या माशाचे काप केले, मीठ-मिऱ्यात बुडवून माझ्या तोंडात घातले, मूल भरवतात तसे. — खा. तुम्ही पडलात तर मी दोघांना कुठे धरू?

त्याने विचारलं, उद्या उजाडल्यावर परत निघू का पेटीसाठी? एकटा?

मी म्हणाले, नको.

मग म्हणाले, जा.

मग म्हणाले, बघू.


१९ जानेवारी, नऊ

तिसरी बाटली आठला दिली. आत्ता मोजली.

एकतीस.

आकडा आला. यंत्र फेदोतला दाखवलं, त्याने उलटं धरलं, मग सुलटं. तिसरी बाटली जिवंत आहे, निदान थोडी. शालीच्या अगदी आतल्या घडीतली असणार. बाकी तीन कुठल्या घडीतल्या? शाल उलगडताना मी बघितलं नाही. मी तेव्हा ओरडत होते.


२० जानेवारी, पहाटे चार

अठ्ठावीस. मग सव्वीस. मग पुन्हा अठ्ठावीस. तिसऱ्या बाटलीला दम नाही. उरलेल्या तिन्ही पाणीच निघाल्या. सेम्योन झोपला आहे की बुडतो आहे, कळत नाही. नाव घेतलं की डोळे उघडतो. दर दहा मिनिटांनी नाव घेते.

फेदोतने गाडी गरम करायला घेतली आहे. उजाडल्यावर निघणार. एकटा. मी त्याला थांबवलेलं नाही.


२० जानेवारी, सकाळ

आठ वाजता गाडीचा आवाज आला. फेदोत बाहेरच होता, तो आवाज त्याच्या गाडीचा नव्हता.

अर्काडी आत आला, सदऱ्याच्या आतून पेटी काढून माझ्या हातात दिली. कोमट होती. ट्रकवाल्यानेही अशीच आणली म्हणाला, अंगाला लावून. आमच्या चाकोऱ्या धरून ते काल सकाळपासून चालत होते. ते — कारण त्याच्या मागून रिम्मा उतरली. कडेवर मांजर, सोबत एक शिवणयंत्र, दोन गाठोडी.

फेदोतने विचारलं, बॉयलर कोणाकडे?

— कोणाकडे नाही. पाणी सोडून दिलं. विझवला. फाट्यावरच्या पिंपावर लिहून ठेवलंय: देलगेईत आता ऊब नाही, थांबू नका.

— एकट्याने यायचंस ना गाढवा, हिला कोळशाला ठेवून.

रिम्मा म्हणाली, — एकट्याला कोण सोडणार?

दहाला साखर एकवीस. बाराला चौदा. सेम्योनने डोळे उघडून सूप मागितलं. ते रिम्माने केलं.

ती पातेल्याशी उभी होती तेव्हा मी मागून गेले. म्हणाले, त्या रात्री तू विचारलंस आणि मी ठेव म्हणाले. मला गाडीत आठवलं.

ती ढवळत राहिली. म्हणाली, — माहीत आहे, येगोरोव्ना. तुम्ही दोनदा म्हणालात.